शेळ्या मोजून आलेल्या बाईंचा पाठ

शेळ्या मोजून आलेल्या बाईला राज्यघटना शिकवायला बसवलं, तिथंच सगळं बिनसलं. पण हे कळायला आठ वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा ऐकून घ्यायला कुणाला फुरसत नव्हती.

बाई म्हणजे उज्ज्वला मगदूम, कुरुंदगावच्या जिल्हा परिषद शाळेच्या. शिक्षिका चांगल्या, म्हणजे शिकवायला मिळालं तर चांगल्या. मिळायचं कुठं? आज मतदार यादी, उद्या खिचडीच्या तांदळाचा हिशोब, परवा गावात संडास किती याची ऑनलाइन माहिती. शेतावर ड्रोन फिरायला लागले, बँकेत माणूस दिसेनासा झाला, पण शेळ्या मोजायला अजून मास्तरच लागत होता. का, ते कुणी विचारू नये. विचारलं तर गाढवं मोजायचाही आदेश निघेल.

त्याच सुमाराला मूळपाठ आला. त्याचं शास्त्र ऐकायला अवघड, समजायला सोपं. एखादी गोष्ट माणसाला कळते तेव्हा मेंदूतल्या काही पेशी ठरावीक क्रमाने पेटतात. तोच क्रम पुन्हा पुन्हा पेटला की वाट मळते आणि गोष्ट पक्की होते. पोरं पाढे घोकतात ते त्याच्यासाठीच. शास्त्रज्ञांनी काय केलं, चांगल्या शिक्षकाच्या डोक्यावर टोपी घातली, तो मन लावून शिकवत असताना त्याच्या मेंदूतला क्रम टिपून घेतला, आणि दुसऱ्या टोपीतून हलक्या चुंबकी लहरी सोडून तोच क्रम पोरांच्या मेंदूत पेटवला. तासाभरात पाठ पक्का, जन्मभर विसरायचा नाही. आंब्याचं कलम बांधतात तसाच प्रकार. रोप कुठलंही असो, वर डहाळी हापूसची बांधायची.

मग कायदा झाला. चौथीतल्या प्रत्येक पोराला मूळपाठ सक्तीचा. गरिबाचा असो की कारखानदाराचा, शिक्षक एकच आणि पाठ एकच. कोणते पाठ घ्यायचे यावर समिती तीन वर्षं भांडली. गणितवाल्यांनी गणित रेटलं, शेतीवाल्यांनी शेती, कुणी म्हणालं देशप्रेम आधी, कुणी म्हणालं आरोग्य. शेवटी बारा पाठ ठरले. त्यातला चौथा पाठ नागरिकाच्या हक्कांचा. त्याच्या एकेका शब्दावर रणं माजली. पण तो शिकवणारं माणूस त्या दिवशी कसल्या मनःस्थितीत असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

चौथ्या पाठासाठी नाव निघालं मगदूम बाईंचं. त्यांच्या वर्गाचा निकाल राज्यात वर होता.

*

आता आठ वर्षांनंतरची एक संध्याकाळ. बाईंची मुलगी केतकी मैदानावरून आली, हातपाय धुतले आणि पोह्यांची बशी घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. केतकी खो-खो खेळायची. पाठीवर खो पडायचा अवकाश, पोरगी उठून दोन खांब पार. या वर्षी राज्याच्या मुलींच्या संघात ती जाणार हे अख्ख्या तालुक्याने धरून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी वय उलटून जाणार होतं.

"निवड लागली का गं?" बाईंनी विचारलं.

"लागली. माझं नाव नाही."

"नाही? मग कुणाचं आहे?"

"निवड मंडळाच्या चिटणिसांच्या पुतणीचं."

"तिला येतं का धावता?"

"धावते. खांबाशी वळता येत नाही तिला." केतकीने पोह्यांतली मिरची काढून बशीच्या कडेला ठेवली. "जाऊ दे, आई."

बाईंना वाटलं, आता रडेल. बशी आपटेल. निदान त्या चिटणिसाच्या सात पिढ्या उद्धरेल. काही नाही. पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं आणि खाल्ले.

पाठोपाठ तिच्या संघातल्या मुली आल्या. बाई त्यांच्यावरच घसरल्या. "तुम्ही दहाजणी होतात ना तिथं? एकीलाही तोंड नव्हतं? हक्क शिकलात ना सगळ्या?"

"शिकलोय की काकू," एक म्हणाली, आणि तिने घडाघडा म्हणून दाखवलं. "कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत. अन्याय झाला तर दाद मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे." एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग तिचे खांदे खाली आले, नाकातून लांब श्वास सुटला आणि ती म्हणाली, "पण जाऊ दे ना."

बाकीच्या मुलींचेही खांदे तसेच खाली आले. तसाच श्वास, तेवढाच लांब.

बाईंच्या हातातली चाळण तशीच राहिली. हा श्वास त्यांच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी शाळेचं कुलूप लावताना तो त्यांच्याच नाकातून सुटायचा.

*

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून डॉ. सायली केळुस्कर आल्या. मूळपाठ मंडळातल्या मेंदूशास्त्रज्ञ, चाळिशीच्या आतल्या. एसटीने आल्या होत्या आणि केसांत धूळ बसली होती. बाई व्हरांड्यात तांदूळ मोजून घेत होत्या.

"बाई, तुमचा पाठ टोपीत भरून घेतला त्या दिवशी तुम्ही कुठून आला होतात?"

"डोंगरवाडीहून. पशुगणना होती. तीन दिवस शेळ्यांमागं फिरत होते. तिथंच फोनवर आदेश आला, तशीच गाडीत बसले. चपलांना लागलेल्या लेंड्यासुद्धा तुमच्या मंडळाच्या पायपुसण्याला पुसल्या."

"आणि मनात काय होतं?"

बाईंनी तांदळाचं माप खाली ठेवलं. काय होतं ते त्यांना लख्ख आठवत होतं. घराजवळच्या शाळेत बदली त्यांच्या हक्काची होती, ती सभापतींच्या मेहुणीला गेली होती. अर्ज करायचा, वर जायचं, भांडायचं, असं सगळं ठरवून झालं होतं. मग शेळ्या निघाल्या. टोपी घालून शिकवताना "दाद मागण्याचा हक्क" या वाक्याशी आल्या, तेव्हा सगळ्या अंगाने एकच गोष्ट म्हटली होती. जाऊ दे.

"ते उतरलं," केळुस्कर म्हणाल्या. "पाठाबरोबर तेही उतरलं."

"मग काढून टाका की ते. एवढं यंत्र आहे तुमचं."

"तीच तर गोम आहे. मेंदू कोरी माहिती धरून ठेवत नाही. ज्या गोष्टीला भावना चिकटलेली असते तीच तो जपतो. भावना म्हणजे खळ. खळ काढली की कागद भिंतीला राहत नाही. तुमचा थकवा काढला तर पाठही निघून येतो."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या तरुण पोरांच्या तक्रारी आटत चालल्या होत्या. कॉलेजांतल्या तक्रारपेट्यांत चिमण्या घरटी करत होत्या. केळुस्करांनी आकडे घेऊन वर धाव घेतली, तर सहसंचालक हिरवे साहेब खूश. 'तक्रारमुक्त जिल्हा' अशी बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती. ते म्हणाले, मॅडम, लोक समाधानी झालेत, तुमच्या का पोटात दुखतंय? चौथ्या पाठात पोरांना पैकीच्या पैकी मार्क आहेत ना? मग पाठ उत्तम.

"मग माझ्याकडं कशाला आलात?"

"उजळणी जवळ आली म्हणून."

कायद्यात तीही तरतूद होती. अठरा पूर्ण झाली की मतदार कार्ड मिळायच्या आधी हक्कांच्या पाठाची उजळणी सक्तीची. त्यासाठी पाठ नव्याने भरायचा होता, आणि तो बाईंनीच. वाट एकदा बाईंच्या क्रमाने मळली होती, त्यामुळे या पोरांच्या मेंदूत दुसऱ्या कुणाचा पाठ धरणार नव्हता. अठरानंतर मात्र ती वाट कायमची घट्ट होते, तिसऱ्यांदा काही करता येत नाही.

"म्हणजे आता जे भरेन ते जन्मभराचं?"

"हो. केतकीच्या वयाची सगळी पोरं या उन्हाळ्यात बसणार."

"मग मी या वेळी नीट शिकवते. छान ताठ बसून, जोरात."

केळुस्कर ओशाळं हसल्या. "टोपीला नाटक कळतं, बाई. जे आत घडून गेलंय तेच उतरतं."

*

बाईंनी चिडायचा प्रयत्न करून पाहिला. खरंच केला. सकाळी आरशापुढे, भाकऱ्या थापताना, शाळेच्या वाटेवर. नवरा श्रीकांतराव पिठाच्या गिरणीवर जाता जाता म्हणाला, "माझ्यावर चीड की. वीस वर्षं संसार केलास, विषयांची काही वानवा नाही."

"तुमच्यावर चिडून चिडूनच संपलंय सगळं," बाई म्हणाल्या. दोघंही हसले आणि राग आला तसा गेला.

वाईट याचं होतं की बाईंना मनापासून वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून संताप येण्याइतकं बळ उरलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या याद्या, मोजण्या, सह्या. माणूस त्यात झिजतं. आणि आपली झीज आपल्यापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. ती आता राज्यातल्या प्रत्येक घरात जेवायला बसत होती. बाईंच्या घरात तर ती शेजारच्या पाटावर होती.

"केतकी, माझ्याबरोबर पुण्याला चल. पाठ भरायच्या आधी त्या निवड मंडळात जाऊ. तुझं म्हणणं मांड."

"कशाला, आई?" केतकी बुटांच्या नाड्या सोडवत होती. "ते ऐकणार नाहीत. तुला दगदग. जाऊ दे ना."

मुलगी आपल्याला समजावतेय, आणि किती प्रेमाने, हेच बाईंना जास्त लागलं. आईची दगदग वाचावी म्हणून पोरगी स्वतःवरचा अन्याय गिळत होती, आणि तो गिळायला आईनेच शिकवलं होतं.

रात्रभर काही बाईंनी तळमळून काढली नाही. झोप लागली, थकलेलं माणूस झोपतंच. पण सकाळी उठल्या त्या ठरवूनच. राग येत नाही ना? नको येऊ दे. टोपीला घडलेलं लागतं, तर काहीतरी घडवून जाऊ.

*

पाठ भरायच्या दिवशी बाई पहाटेच्या गाडीने पुण्याला निघाल्या. चहासुद्धा घेतला नाही. मंडळाकडे न जाता आधी खो-खो निवड मंडळाच्या कार्यालयात गेल्या. दारात एक बाक होतं, टेबलामागं एक कारकून.

"चिटणीस साहेबांना भेटायचंय."

"साहेब जेवायला गेलेत."

"सकाळी दहाला?"

"नाष्टा म्हणा हवं तर," कारकून म्हणाला.

बाई बाकावर बसल्या. आणि काय सांगावं, त्यांना भीती वाटायला लागली. कसली, तर कसलीच नाही. चिटणीस काही खाणार नव्हता. पण आयुष्यभर साहेबाच्या दारात उभं राहायचं ते आदेश घ्यायला. मागायला कधी बसल्याच नव्हत्या. त्यांनी मांडीवर पिशवी दाबून धरली. मधूनमधून वाटे, उठावं. कारकून त्याचीच वाट पाहत होता. एकदा तर बाई अर्ध्या उठल्यासुद्धा, मग पदर सारखा केल्यासारखं करून परत बसल्या.

पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या टपरीवरून वड्याचा वास येत होता. पण बाक सोडलं की साहेब नेमके येणार आणि जाणार, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

फोन वाजला. सहसंचालक हिरवे.

"मॅडम, आहात कुठं? सगळे खोळंबलेत! यंत्र थंड करून ठेवलंय, संध्याकाळनंतर ते चालत नाही. मंत्रालयात आज दुपारी पाठ भरला म्हणून कळवायचंय मला."

"निवड मंडळात आहे, साहेब. मुलीवर अन्याय झालाय. दाद मागायला आलेय. झालं की येते."

"आज? अहो, ते नंतर बघा ना! जाऊ द्या आत्ता."

बाईंना हसू आलं. साहेबांना कुणी टोपी घातली नव्हती, तरी पाठ तोंडपाठ होता.

"नाही साहेब. आधी हे."

"मॅडम, कारणे दाखवा नोटीस काढीन मी."

"काढा, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण शब्द बाहेर पडले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं दाखवायला कारण आहे."

साहेबांनी फोन ठेवून दिला. हिरवे साहेब वाईट माणूस नव्हता. बिचाऱ्याला फक्त मंत्रालयात कळवायचं होतं. थोड्या वेळाने कार्यालयातला फोन खणखणला, कारकून "हो साहेब, हो साहेब" करत उठून उभा राहिला, आणि मग आतल्या खोलीचं दार उघडून चिटणीस बाहेर आले. जेवायला गेलेले साहेब सकाळपासून आतच बसलेले होते.

बाईंनी म्हणणं मांडलं. धड मांडताही आलं नाही. एक वाक्य दोनदा म्हटलं, खांबाशी वळण्याचा मुद्दा राहिला तो दारातून परत येऊन सांगितला. चिटणिसांनी पुतणीचं नाव न घेता पुष्कळ नियम सांगितले आणि शेवटी चरफडत फेरचाचणीचा शेरा मारला. तारीख मागाहून कळवू म्हणाले.

जिंकल्याबिंकल्यासारखं बाईंना काही वाटलं नाही. भूक मात्र कडकडून लागली होती.

वडा खायलाही वेळ नव्हता. हिरव्यांची गाडी दारात उभी होती. तशाच जाऊन त्या खुर्चीत बसल्या आणि केळुस्करांनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली. पाठ सुरू झाला. "कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत," बाईंनी शिकवलं. "अन्याय झाला तर दाद मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे," बाईंनी शिकवलं, आणि बाक आठवलं, आणि पोटात पुन्हा कावळे ओरडले.

टोपी काढताना केळुस्कर आलेखाकडे पाहत होत्या. "या वेळी तो उसासा नाहीये, बाई."

"मग काय आहे?"

"भूक आहे." त्यांनाच हसू आवरेना. "आणि भीती. भीती तर भरपूर आहे."

"म्हणजे वाया गेलं सगळं."

"सांगता येत नाही. भीती आहे, पण माणूस उठून गेलेलं नाही. असलं काही मी आजवर पाहिलं नव्हतं."

हिरवे साहेबांनी नियमाप्रमाणे पाठाची तपासणी केली. म्हणजे मार्क पाहिले. नमुन्यादाखल बसवलेल्या पोरांना पैकीच्या पैकी पडले होते. पाठ उत्तम, असा शेरा मारून त्यांनी मंत्रालयात कळवलं. आठ वर्षांपूर्वी ज्या फटीतून थकवा आत गेला होता, ती फट कुणी बुजवली नव्हती, म्हणून हेही गेलं.

घरी येऊन बाईंनी एवढंच सांगितलं की फेरचाचणी मिळाली. बाकाचं, भुकेचं, भीतीचं काय सांगायचं? त्यात सांगण्यासारखं होतं काय?

*

उन्हाळ्यात केतकीने अठरा पुरी केली. तालुक्याला जाऊन तासभर टोपीखाली बसली आणि डोकं जरा जड झालंय म्हणत घरी आली. बाई तिच्याकडे चोरून पाहत राहिल्या. काहीच फरक नाही. तेच पोहे, तीच कडेला काढलेली मिरची.

फेरचाचणीची तारीख काही येईना. पत्र नाही, फोन नाही. आषाढ उजाडला. संघाचा सराव सुरू झाल्याची बातमी आली, त्यात चिटणिसांच्या पुतणीचा फोटोही होता. बाईंनी तो पाहिला आणि केतकीच्या तोंडून ते दोन शब्द आता येतील, मग येतील, म्हणून कान बंद करून घ्यावेसे त्यांना वाटले. केतकी काही बोलली नाही. बाईंनी मनातून आशा सोडली. स्वतःला समजावलं की एका दिवसाच्या बसण्याने जन्माचं वळण बदलत नसतं.

त्याच आठवड्यात बाईंना पुन्हा आदेश आला. पशुगणना. जोडीला या वेळी कोंबड्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कणीक मळत होत्या. केतकी न्हाऊन, वेणी घालून स्वयंपाकघरात आली. पायात बूट होते.

"कुठं निघालीस गं एवढ्या सकाळी?"

"पुण्याला. निवड मंडळात. चाचणीची तारीख विचारायला." तिचा आवाज जरासा कापत होता. हात तिने ओढणीत गुंडाळून घेतले होते. "भीती वाटतेय गं, आई. उगीचच."

"मी येऊ का?"

"नको. जाते मी." केतकीने फळीवरचा डबा काढून ओट्यावर ठेवला. "चपात्या दोन जास्तीच्या दे. ते जेवायला गेलेले असतात. बाकावरून उठलं की झालं, म्हणून तिथंच बसून खाईन."

बाईंचे हात परातीत थांबले. बाकाचं त्यांनी या घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अगं, कुणी सांगितलं तुला?"

"काय?" केतकीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "माहीतच असतं की हे. आमच्यातल्या तिघी येतायत, त्यासुद्धा डबे घेऊनच येणार आहेत."

बाई खाली वाकून तवा शोधत राहिल्या. तवा समोरच होता. डोळे पुसून झाले तशा त्या उठल्या, केतकीच्या डब्यात चार चपात्या जास्त घातल्या आणि वर लोणच्याची फोड ठेवली. पोरगी गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिची वेणी दिसत होती.

मग बाईंनी फळीवरून कोंबड्या मोजायचा आदेश काढला आणि पुन्हा एकदा वाचला. नाकातून तो जुना श्वास सुटायला आला होता, तो अर्ध्यावर अडला. तालुक्याचं कार्यालय अकराला उघडतं. साहेब बहुधा जेवायला गेलेले असतील.

त्यांनी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं आणि दुसरा डबा घासायला काढला.